उतरणाऱ्याचा पाव

विमान येणार नाही, हे सगळ्यात आधी दोब्रिन मिस्त्रीला कळलं. मनोऱ्यातल्या माणसाने खिडकीतून दोन्ही हात आडवे हलवले. दोब्रिनने पाना खाली ठेवला.

मांडवात मात्र बँड वाजतच होता. बल्गेरियाचं पहिलं नवं लढाऊ विमान अकरा वाजता या धावपट्टीवर उतरणार, म्हणून मंत्री, जनरल, विमान विकणाऱ्या दोस्त देशाचा प्रतिनिधी, झाडून सगळे हजर होते. मांडवापुढे भर उन्हात स्ताम्का उभी होती. हातात नक्षीचा गोल पाव, पावावर मिठाची वाटी. उतरणाऱ्याने पावाचा तुकडा मोडायचा, मिठाला लावून खायचा. आल्या माणसाचं स्वागत इथं असंच होतं. पुढे ते विमान तिचाच मुलगा, कॅप्टन आसेन, चालवणार होता, म्हणून पावाचा मान तिचा. पहाटे उठून तिने तो भाजला होता.

बँड थांबला आणि मांडवातले आवाज बाहेर ऐकू येऊ लागले.

"हप्ता पोचलेला नाही," प्रतिनिधी हसतमुखाने म्हणाला. "तो पोचला की वाटेतल्या तळावरून विमान निघेल."

"दोन वर्षं उशीर तुम्ही करायचा आणि हप्ता मात्र आम्ही वेळेवर द्यायचा?" मंत्री म्हणाले. "आधी विमान दाखवा."

"आधी पैसे दाखवा."

दोघेही एकमेकांना 'मित्रवर' म्हणत होते. दोन वर्षं घोडं इथंच पेंड खात होतं.

जनरल घाम पुसत दोब्रिनकडे आले. "जुनं बाहेर काढा. एवढी माणसं जमलीत, आकाश रिकामं दिसता कामा नये."

"साहेब, त्याच्या इंजिनाचे तास संपलेत."

"वाढवून दिलेत की! वरून पत्र आलंय ना?"

"पत्र आलंय. पण इंजिनाला वाचता येत नाही."

जनरलांनी घड्याळ पाहिलं आणि ते मांडवाकडे परत गेले. त्यांना उत्तर नको होतं, विमान हवं होतं.

ते जुनं विमान आसेनपेक्षा चार वर्षांनी मोठं होतं. दोब्रिन त्याच्या पंखाखाली वही घेऊन उभा राहिला. विमान उडण्याजोगं आहे, अशी त्याची सही झाल्याशिवाय ते हलणार नव्हतं. हेल्मेट काखेत मारून आसेन आला.

"काका, करून टाका सही."

"नाही करणार."

"या वर्षी मी किती उडलोय माहितीये? नऊ तास. आजचं उड्डाण झालं तर परवाना टिकतो. नाहीतर महिनाअखेरीस गेला. मग बसतो कचेरीत शिक्के मारत."

"शिक्के मारणारे म्हातारे होऊन मरतात रे."

आसेन हसला नाही. "तुम्ही नाही केलीत तर तो दुसरा मिस्त्री, स्तोइको, करेल. तो तर झाकणसुद्धा उघडून बघत नाही."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच दोब्रिनचा नाइलाज झाला. तीस वर्षांच्या नोकरीत तो पुष्कळदा घाबरला होता. पेनाला मात्र आज पहिल्यांदा घाबरला. त्याने झाकणं पुन्हा उघडली, एकूण एक नळी हाताने चाचपली. काही सापडलं नाही. काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग त्याने सही केली.

"एकच फेरी. कसरती नकोत."

"एकच फेरी, काका."

आसेन शिडी चढताना दिसला तशी स्ताम्का गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपर्यंत धावत आली. तिचे दोन्ही हात पावात अडकलेले.

"दोब्रिनभाऊ, पाणी! मी पाणी आणलंच नाही हो! आज कोणी जायचंच नव्हतं!"

जाणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओततात, म्हणजे त्याची वाट पाण्यासारखी सरळ वाहते. ती फक्त येणाऱ्याची तयारी करून आली होती. दोब्रिनने आपली प्यायची बाटली उघडली आणि पुढच्या चाकासमोर रिकामी केली. पण जुलैचं ऊन होतं. विमान सुरू होऊन चाक हलेपर्यंत काँक्रीट कोरडं ठक्क झालं होतं.

विमान उडालं. सूर्यफुलांच्या शेतावरून त्याची सावली गेली आणि मांडवात टाळ्या झाल्या. टाळ्यांसाठी मंत्री आणि प्रतिनिधी क्षणभर भांडायचे थांबले. मग प्रतिनिधी स्ताम्काकडे आला. इथली रीत त्याला कोणीतरी शिकवून ठेवली असावी. त्याने टोपी काढली, अदबीने मान लववली आणि पावाकडे हात नेला.

स्ताम्का एक पाऊल मागे सरली. "हा उतरणाऱ्याचा आहे."

दुभाष्याने ते त्याला सांगितलं. तो काहीतरी बोलला.

"आई, ते म्हणतात, त्यांचंही विमान उतरेल. लवकरच," दुभाष्या म्हणाला.

"मग तेव्हा दुसरा भाजीन."

प्रतिनिधी टोपी घालून परत गेला. मांडवात हप्त्याची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली. दोब्रिन स्ताम्काशेजारी येऊन उभा राहिला. टेकडीपलीकडे विमान वळत होतं. दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"तुम्हाला कळतं ना आवाजावरून?" तिने विचारलं. "कसा आहे?"

दोब्रिन बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला.

"चांगला आहे," तो म्हणाला.

तिचे हात भरून आले असतील म्हणून त्याने पावाला खालून आपलाही हात लावला. आता दोघांनी मिळून तो धरला होता, तरी वाटीतलं मीठ हलतच राहिलं.