ओकचं घर

यंत्राने तिसऱ्यांदा ओढलं, तरी तुळई निघेना. चंद्रशेखर सोहोनी दोन पावलं पुढे सरकला. कुजलेलं लाकूड इतकं झुंजत नाही.

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावाबाहेरचं हे घर इंग्लंडहून आलेल्या सुतारांनी तीनशे वर्षांपूर्वी उभारलं होतं. सगळा सांगाडा ओकचा. त्यात खिळा एकही नाही, सांध्यांत नुसत्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या. आज, १९८६च्या ऑक्टोबरात, ते पाडत होते. ‘राहण्यास धोकादायक’ असा अहवाल होता, आणि त्याखाली इंजिनियर म्हणून चंद्रशेखरची सही होती.

तो तपासणीला आला त्या दिवशी घरी गणपती होते. निघतानाच बायकोने, सुलभाने, बजावलं होतं, “चारला आरती आहे. तीस जण येतायत. लेट करू नकोस, प्लीज.” त्याने कोपऱ्यातल्या एका खांबात स्क्रू ड्रायव्हर खुपसला. तो तीन इंच आत गेला. बाकीचं घरही तसंच असणार, असं तो धरून चालला. पोटमाळ्यावर तो चढलाच नाही. आरतीला मात्र वेळेवर पोचला.

मालकीण मिस रूथ बहात्तर वर्षांची, एकटी, याच घरात जन्मलेली. तिने अहवाल घेतला आणि वर त्याचे आभार मानले. तेव्हापासून त्याला नीट जेवण जात नव्हतं.

अखेर तुळई सुटली. धाडकन खाली आली आणि साधी चिरलीसुद्धा नाही. तुटलेल्या खुंटीशी लाकूड आतून घट्ट, कोरं दिसत होतं.

रूथ कुंपणाशी उभी होती. तिच्यापर्यंत जाताना त्याला लायसन्स आठवलं, नोकरी आठवली. तरी तो बोलला. “मिस रूथ, मी वर चढून बघितलंच नव्हतं. तुमचं घर चांगलं होतं. चूक माझी आहे. मी हे लेखी द्यायला तयार आहे.”

तिने कुंपणावर बसलेली धूळ हाताने पुसली.

“मी बावीस वर्षांची होते,” ती म्हणाली. “वडील शेवटचे दिवस मोजत होते. त्यांनी वचन घेतलं, घर उभं आहे तोवर ते सोडायचं नाही. माझं लग्न ठरलं होतं, मिस्टर सोहोनी. तो ओहायोला गेला. मी राहिले.”

मागे यंत्र पुढच्या तुळईकडे वळलं.

“तुम्ही तपासत होतात ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात गुडघे टेकून देवाकडे मागत होते,” रूथ म्हणाली. “हे घर कुजलेलं निघू दे.”