अंगठ्याचा ठसा

गुरुद्वाऱ्यात लंगरची कणीक मळताना मला हिऱ्याची चमकी सापडली, तेव्हा पलीकडे हरभजनमावशी आपलं रिकामं नाक चाचपत होत्या. मी चमकी एका गोळ्यात दाबली, खूण म्हणून वर अंगठ्याचा ठसा उमटवला आणि तो गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला. जाताना घरी नेणार होते. सकाळीच कथेत प्रवचनकार भाईजींनी पाच विकार समजावले होते, आणि लोभाचं नाव निघताच मी शेजारणीकडे पाहिलं होतं.

हात धुऊन आले, तर फडकं बाजूला पडलेलं.

"गोळे कमी पडत होते, म्हणून तोही रोटीच्या मशीनमध्ये टाकला," मावशी म्हणाल्या. रोट्यांची टोपली केव्हाच पंगतीत गेली होती.

चमकीची दांडी सुईसारखी होती. बाहेर तीनशे माणसं मांडी घालून बसली होती आणि वाढपी प्रत्येकाच्या पसरलेल्या हातांवर एकेक रोटी ठेवत होता. सगळ्या रोट्या एकसारख्या. एका लहान मुलीनं घास न चावताच गिळला. मी गप्प राहिले असते, तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"थांबा," मी ओरडले. "कुणी खाऊ नका. रोटीत चमकी आहे."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मावशी माझ्याजवळ आल्या. त्यांचं बोट अजून नाकावरच होतं.

"रोटीत आहे," त्यांनी हळूच विचारलं, "हे तुला कसं कळलं गं?"