धुराची सोय

"बाबा, आत येऊ नका. तुमच्या शर्टाला डिझेलचा वास येतोय," मुलगी म्हणाली, आणि सुपरवायझर वॉर्डाच्या दारातच थांबला.

काचेच्या पेटीत त्याचा नातू होता. वेळेआधी जन्मलेला, त्यांच्या घराण्यात वेळेआधी काही करणारा पहिलाच. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात. सकाळी बरा असे, दुपारी बिघडे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या आणि त्यातून काहीही निघालं नव्हतं.

"रविवारी अगदी शहाण्यासारखा असतो," नर्स म्हणाली. "आजोबा कामावर आले की याचं सुरू. लाडोबा झालाय नुसता."

सुपरवायझरला हे आवडलं.

त्याचं काम खालीच चालू होतं. याच हॉस्पिटलच्या नव्या इमारतीसाठी तळघर खोदायचं होतं. खड्ड्यात खोदाईची जुनी मशिनं दिवसभर धूर ओकत. जेवणाच्या सुट्टीतही ती चालूच असत. माणसं थांबली म्हणून इंजिनांनी का थांबावं? त्यांना धुराचे फिल्टर बसवू या, असं त्याने मालकाला सुचवून पाहिलं होतं. त्यासाठी मशिनं बंद ठेवावी लागली असती, आणि ते मालकाच्या धर्मात बसत नव्हतं.

नातू जन्मायच्या थोडं आधी खड्ड्यातली माणसं खोकून बेजार झाली होती. एक जण चक्कर येऊन पडला. तेव्हा सुपरवायझरने डोकं लढवलं. मोठा पंखा लावून खड्ड्यातला धूर ओढून घेतला आणि जाड कापडी पाइपातून मागच्या बोळात सोडला. खोकला थांबला. ऑपरेटर त्याला देवमाणूस म्हणू लागले. मालकाने पाठ थोपटली, कारण मशिनं क्षणभरही थांबली नव्हती. आपल्या हातून कुणाचं तरी भलं झालं, हे सुपरवायझरने घरी इतक्यांदा सांगितलं की बायकोने शेवटी हात जोडले.

मुलीने दारात अडवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. घासूनपुसून अंघोळ केली, इस्त्रीचे कपडे चढवले आणि दुपारी नवरदेवासारखा वॉर्डात शिरला. पेटीभोवती एक यंत्र वाढलं होतं. मुलगी स्टुलावर बसून होती. तिचे डोळे सुजले होते.

"आज तरी वास नाही ना माझा?"

"तुमचा नाही," ती म्हणाली. "पण खोलीत आहेच. तुम्ही यायच्या आधीपासून आहे."

त्याने नाक वर केलं. ओळखीचा वास होता. तो खिडकीकडे गेला.

"इथल्या खिडक्या उघडतच नाहीत," नर्स म्हणाली. "बाळांसाठी हवा वरच्या त्या झडपेतून येते."

"आणि झडपेत कुठून येते?"

"मागच्या बोळात मोठी जाळी आहे ना, तिथून ओढतात म्हणे. मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

लिफ्टची वाट न बघता तो जिना उतरला. नर्स काहीही बोलते, असं तो स्वतःला बजावत होता. जाळी त्याला ठाऊक होती. आत पंखा घरघरतो, म्हणजे हॉस्पिटल आपली खराब हवा इथून बाहेर फेकणार, हे उघड होतं. तिच्यासोबत आपलाही धूर परस्पर निघून जाईल, बोळातल्या लोकांना त्रास नको, म्हणून त्याने स्वतः शिडीवर चढून पाइपाचं तोंड जाळीपाशी बांधलं होतं.

शिडी अजून तिथेच होती. तो वर चढला. खिशातून धुतलेला रुमाल काढला. आतल्या वाऱ्याने तोंडावर उडेल, म्हणून दोन्ही टोकं घट्ट पकडली आणि तो जाळीसमोर धरला.

रुमाल हातातून सुटला, जाळीवर सपाट जाऊन बसला आणि मधोमध काळा होऊ लागला.