घड्याळाखालचं पाकीट

डोळे मिटा बरं. तुम्ही एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत चटईवर बसला आहात. शेजारी बारा मुलं आहेत, आणि कुणी हूं की चूं करत नाही. गाणं संपलंय. पण आजोबांनी हात अजून वरच धरलाय, कारण त्यांच्या मते खरं ऐकायला सुरुवात होते ती गाणं संपल्यावर.

हात खाली आला. "काय ऐकलंत?"

"काहीच नाही," एक मुलगा म्हणाला. "संपलं होतं की."

"स्टूल करकरलं," खारूताई म्हणाली. "कुणीतरी उठलं. आणि कुणाला तरी हसू आलं होतं, ते तिने दाबलं."

आजोबांचा चेहरा उजळला. खारूताई ही त्यांची नात, वय वर्षं दहा. आणि ते गाणं होतं 'तीन मावशा' नावाच्या मंडळींचं. तिघी सख्ख्या बहिणी आपल्या स्वयंपाकघरात गायच्या आणि तिथेच रेकॉर्डिंग करायच्या. कुठल्याही कंपनीच्या कुबड्या न घेता संगीत करणाऱ्यांना दर वर्षी एक राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. त्याच्या शेवटच्या पाच नावांत यंदा या मावशा होत्या.

दर वर्षी ती पाच नावं जाहीर झाली, की आजोबा आपला अंदाज कागदावर लिहून पाकिटात घालत. पाकीट चिकटवलं की त्याच्या जोडावर सोसायटीतले लोक सह्या करत. मग ते खोलीतल्या घड्याळाखाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं जाई. निकालाच्या दिवशी टीव्हीवर विजेत्याचं नाव आलं, की आजी ते फोडून आतलं नाव वाचायची, कागद पर्समध्ये टाकायची आणि चहा ठेवायला पळायची. लिहिणाऱ्याने वाचायचं नाही, हा नियम आजोबांचाच.

आठ वर्षं ओळीने नाव बरोबर आलं होतं. "मास्तरांचा कान म्हणजे कान," असं म्हणत लोक आपली मुलं या ऐकण्याच्या वर्गाला धाडत.

यंदा मात्र सेक्रेटरीकाकांना त्याच खोलीत व्यायामाची यंत्रं आणायची होती.

"मास्तर, नवव्यांदाही नाव बरोबर आलं तर खोली तुमची. पुन्हा विषय काढणार नाही. चुकलं, तर सोमवारी यंत्रं आत."

"यंत्रावर चालून माणूस पोचतो कुठे?" आजोबांनी विचारलं.

"डोळे मिटून बसून तरी कुठे पोचतो?" काका म्हणाले, आणि पाकिटावर सगळ्यांत मोठी सही त्यांनी ठोकली.

निकालाला दोन दिवस उरले असताना आत्याचं बाळ घाई करून जगात आलं, आणि आजी मिळेल त्या गाडीने तिकडे गेली. घरात आनंदीआनंद झाला. पण आजोबांचं कशात लक्ष लागेना. पाणी प्यायला उठायचे आणि घड्याळाखाली जाऊन उभे राहायचे.

"आमची ही परत आली, की मग पाकीट फोडू या," ते सेक्रेटरीकाकांना म्हणाले.

"म्हणजे महिन्याने? पळवाट चांगली आहे."

"मग मीच वाचतो."

"नियम तुमचाच आहे, मास्तर. खारूताईला वाचू द्या. एवढंसं मूल, ते काही खोटं वाचणार नाही."

सगळ्यांना पटलं.

घरी आल्यावर खारूताईने विचारलं, "आजोबा, तुम्हाला भीती वाटतेय?"

"थोडीशी."

"मला विचाराल तर मावशाच जिंकणार."

"का गं?"

"बाकीचे चौघे छान गातात. पण या एकमेकींचं ऐकतात."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आठ वर्षं शिकवत होतो, ते हेच."

"पण तुम्ही काय लिहिलंय?"

आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आधीच लख्ख असलेला चष्मा त्यांनी बराच वेळ पुसला.

निकालाच्या संध्याकाळी खोली गच्च भरली. टीव्हीवरच्या बाईंनी पाचही नावं वाचली, उगाच भाव खात थांबल्या, आणि म्हणाल्या, "तीन मावशा."

मुलांनी एकच गिल्ला केला. पडद्यावर तीन जाड्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. खारूताईने जागच्या जागी उडी मारली, आणि मग ती घड्याळाखालच्या पाकिटाकडे वळली. तिचं बरोबर आलं होतं. पण आजोबांचं?

"चला," सेक्रेटरीकाका म्हणाले. "आता मास्तरांचा कान बघू."

त्यांनी सह्या तपासल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. मग पाकीट त्यांनी खारूताईच्या हातात दिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. वर्गातली मुलं एकमेकांना चिकटून बसली. आजोबा आपल्या चपलांकडे बघत होते.

खारूताईने पाकीट फोडलं. आतली चार घडीची चिठ्ठी उलगडली. अक्षर आजोबांचंच होतं, टपोरं आणि सुबक.

'अगं, नेहमीप्रमाणे टीव्हीवर जे नाव सांगतील तेच वाच. फक्त गेल्या वर्षीसारखी घाई करू नकोस, सेक्रेटरींना शंका आली होती.'

खारूताईने कागद छातीशी धरला, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं, आणि मग एकेक अक्षर लावत, अगदी सावकाश वाचलं, "तीन... मावशा."