साबणाचं स्पेलिंग

लेकीला मराठी वाचता येत नाही, म्हणून किशनराव सामानाची यादी इंग्रजीत लिहायचे. एकदा त्यांनी साबणाचं स्पेलिंग लिहिलं, एस-ओ-पी-ई. शिवानीने यादीचा फोटो काढला, खाली सहा हसरी तोंडं लावली आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. बिदरच्या आत्यापासून मलकपेठच्या मावशीपर्यंत सगळे हसले.

"मध्ये ए असतो बाबा. मी दिलसुखनगरला क्लासमध्ये इंग्लिश शिकवते, आणि घरात हे."

किशनरावही हसले. तेव्हापासून सामान ते तोंडीच सांगू लागले.

त्यांच्या वाढदिवसाला शिवानीने आबिड्सच्या एका नव्या, झगमगीत दुकानातून साबण आणला. एकच वडी, तीही रेशमी फितीत बांधलेली. खोक्यावर सोनेरी, वळणदार अक्षरं होती. किशनरावांनी चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, "एस, ओ, पी, ई. यांचा पण ए राहिला बघ."

"राहिला नाही बाबा, मुद्दाम गाळलाय. पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात असंच लिहायचे. जुनं स्पेलिंग आहे, क्लासी वाटतं."

"हौ?" किशनरावांनी वडी पुन्हा खोक्यात ठेवली आणि खोकं तिच्यापुढे सरकवलं.

"मग याचाही फोटो काढ. ग्रुपवर टाक, आणि खाली तीच सहा तोंडं लाव."