अर्पिताचा ठेका

परभणीहून परतल्या परतल्या राजेश्रीनं डॉक्टरांचं बोलणं सासूच्या तोंडावर फेकलं. "ऐका आत्याबाई! पूर्वजांच्या जुन्या आजारांचं उरलंसुरलं सगळ्यांच्याच रक्तात झोपलेलं असतं म्हणले डॉक्टर. आपल्या अर्पितासारख्या स्वमग्न लेकरांत ते जागं दिसायलंय. कशानं, ते त्यांनाबी ठाऊक न्हाई."

चतुराबाईंचा भाकरीवरचा हात थांबला नाही. "आमच्या सात पिढ्यांत असलं न्हाई. तुझ्या माहेरचंच रगत हाय."

कोपऱ्यात अर्पिता रोजच्यासारखी फरशीवर बोट वाजवत होती. दोन ठोके लागोपाठ, मग थांबून एक. पोर बोलत नव्हती, पण हा ठेका कधी चुकला नव्हता.

"माहेर, माहेर! पोर झाल्यापासून तेच ऐकायलेय मी!" राजेश्रीनं सासूचं पिठानं भरलेलं मनगट धरलं आणि तिला ओढतच लेकीपुढं नेलं. "नात हाय तुमची. हात लावा की तिला!"

अर्पितानं आजीकडं पाहिलं आणि बोट थांबवलं.

राजेश्रीच्या मुठीत सासूची नाडी उडत होती. दोन ठोके लागोपाठ, मग थांबून एक.

आणि समोर अर्पिता, कुणालाही हात न लावता, त्याच ठेक्यावर मान डोलवत होती.