थोपटलेले तारे

"अगं, तू ट्रायपॉडला थोपटतेयस!"

निनाद तंबूतून डोकं काढून हसत होता. केतकीने दचकून हात मागे घेतला. खरंच की! ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारा तो चिमुकला ट्रॅकर तिने ध्रुवतारा हेरून अगदी नीट लावला होता. आणि मग शेजारी उभी राहून, लेकीला झोपवायच्या सवयीने, ट्रायपॉडला हलकेच थोपटत राहिली होती.

म्हणून एकूण एक फोटो हललेले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मिळालेली मोकळी रात्र, आणि आकाशगंगेची पार लापशी!

"शेवटचा एक काढते," ती म्हणाली. तेवढ्यात आत लेकीने भोकाड पसरलं.

"झालं! आवर आता. तिला तूच लागणार."

"आण इकडे. आणि तू बटण दाबून बाजूला हो. मग कशाला हात लावू नकोस."

लेक खांद्यावर आली, तशी केतकी कॅमेऱ्यापासून चांगली लांब जाऊन मनसोक्त डुलू लागली. थोपटणाऱ्या हाताला त्याचं हक्काचं काम मिळालं होतं. लेक निजली, इतका वेळ उघडं राहिलेलं शटरही मिटलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारे कसे सुईच्या टोकाएवढे रेखीव! खालचा डोंगर तेवढा पुसट.

"डोंगर का गं हलला?"

"ट्रॅकर ताऱ्यांबरोबर फिरतो ना, मग जमीन हललेली दिसते." ती अजून डुलतच होती. "असू दे. एका झोक्यात लेक आणि डोंगर, दोघांना झोपवलं."